सापळा क्रमांक सात

सोमवारी आणि गुरुवारी, ऊन चढायच्या आत,
सापळ्याच्या पिशवीची गाठ सोडायची,
पतंग जुन्या पेपरवर झटकायचे,
मोजायचे, वहीत लिहायचे.
हे माझं काम. करार अकरा महिन्यांचा.
बारावा जानेवारी.
थंडीनं कोष मातीत गप पडतात,
मोजायला काही नसतं,
असा हिशोब कुणीतरी कधीतरी केलेला.

सापळा सात शिवलिंगअप्पांच्या हरभऱ्यात,
औशाकडून तेरणेच्या अंगाला उतरलं की.
रात्रीला आठ पतंग, सलग तीन रात्री,
म्हणजे धोक्याची पातळी. तक्त्यात छापलंय तसं.
मागच्या गुरुवारी एकवीस होते.
आज त्रेचाळीस.
फोनवर साहेब म्हणाले, पुन्हा मोजा.
पुन्हा मोजले. एक पंख तुटलेला
आधी सुटला होता.
चव्वेचाळीस.

सगळे नर.
रबराच्या बोटभर तुकड्याला मादीचा वास लावलेला असतो,
त्यापायी हे येतात रात्रभर धडका देत.
मादी येत नाही सापळ्यात.
ती तेव्हा कोवळ्या शेंड्यावर
एकेक अंडं ठेवत असते, खसखशीएवढं.
माझ्या वहीत ती कधीच आलेली नाही.
पाच वर्षं झाली.

त्या दिवशी येळवस होती.
कडब्याच्या कोपीत पाच दगड चुन्यानं रंगवलेले,
भज्जीची कढई, आंबिलाचं मडकं.
अप्पा म्हणाले, जेवल्याबिगर जायचं न्हाई बाई.
मैनोद्दीन त्यांचा भागीदार, सतरंजी घेऊन उभा,
कुठं टाकू म्हणत.
"येळवशीला आमी घोंगडं पांघरून उनात बसायचाव,
आंबील पिताना दात वाजायचे," अप्पा म्हणाले.
सतरंजी आधी बांधावर पडली.
मग चिंचेच्या कडेला.
मग बुडाशी, जिथं सावली गच्च.
दोनदा हलली, पहिला घास घ्यायच्या आत.
मी ते वहीत लिहिलं नाही,
तसा रकाना नाही.

भज्जीसाठी खुडलेल्या पाल्यात अळी निघाली,
हिरवी, अंगावर करड्या रेघा.
शिवकन्या, अप्पांची नात, चौथीतली,
चिमटीत धरून म्हणाली,
हिला थंडी वाजत नाही का?
"थंडी पडनाच की," मैनोद्दीन म्हणाला,
"कुणाला वाजंल?"
तिनं चहापत्तीच्या डब्यात माती भरली,
चार घाटे टाकले, झाकणाला खिळ्यानं भोकं पाडली.
झोपली की सांगते तुम्हाला, म्हणाली.

मग करार संपला.
जानेवारीत मी घरी, ज्वारीचं पीठ चाळत,
आणि पिठाच्या रेघेतही
काहीतरी वळवळतंय असं वाटायचं.
जुन्या वह्या काढून बघितल्या.
पहिल्या वर्षी या आठवड्यात तीन होते,
पुढं नऊ.
मधल्या एका वर्षाचं पान उंदरानं खाल्लेलं.
पिढ्या धरून बघितल्या बोटांवर:
पूर्वी महिना लागायचा पतंगाला पतंग व्हायला,
आता बोटं आधीच संपतात.

संक्रांतीनंतरच्या एका गुरुवारी
उगाच एसटीत बसले. पगार नाही, वही नाही.
सापळ्याची पिशवी खालून काळी दिसत होती.
म्हटलं, सोडायची नाही गाठ.
सोडली.
बासष्ट. तिकिटाच्या पाठीवर लिहिलं.
त्या रात्रींत किती गुणायच्या, किती भागायच्या,
जमेना.

शिवकन्या डबा छातीशी धरून पळत आली.
"बाई, झोपलीच नाही ओ. बघा."
मातीवर कोषाचं टरफल,
आणि झाकणाला आतून चिकटलेली ती,
वाळल्या पानाच्या रंगाची, पंख नुकते सुकलेले.
"नर का मादी?" तिनं विचारलं.
मला लगेच सांगता आलं नाही.
दिवस कलला होता,
तिनं झाकण काढलं.
पतंग थोडा वेळ तिच्या मनगटावर बसला,
बांगडीशेजारी,
मग उठला, सापळ्याला वळसा घालून
हरभऱ्यात शिरला.

मादी असावी.